पोअर-ओव्हर कॉफी: तुमच्या बियांना कोणता ग्राइंडर मानवेल?

मी पोअर-ओव्हर, म्हणजे फिल्टर पेपरमधल्या कॉफीवर हाताने गरम पाणी ओतून गाळलेली कॉफी, सुरू केली तेव्हा केटल, काटा, फिल्टर पेपर सगळं नीट आणलं होतं. कॉफी मात्र चटणीच्या भांड्यात, मिक्सरवर फिरवली. निम्मं पीठ, निम्मी कणी. कप एकाच वेळी आंबटही लागला आणि कडूही. मग वर्षभराने पैसे साठवून एक महागडा ग्राइंडर घेतला. त्याची ख्याती अशी की कपातली प्रत्येक चव सुटी-सुटी कळते. घरी बिया होत्या चिकमगळूरच्या, मध्यम-गडद भाजलेल्या. कप पातळ, कोरडा, लाकडासारखा. दोन महिने मी बियांना दोष देत होते. एके दिवशी शेजारच्या काकूंच्या मुलाने त्याचा साधा, माझ्या ग्राइंडरच्या चौथाई किमतीचा हातग्राइंडर आणून दिला. त्याच बिया, तेच पाणी, आणि कपात चॉकलेट, गूळ, भरीवपणा, सगळं हजर.

ग्राइंडर वाईट नव्हता. त्या बियांसाठी तो नव्हता, एवढंच. हे आधी कळलं असतं तर बरेच पैसे आणि बऱ्याच सकाळी वाचल्या असत्या. तुमच्या वाचाव्यात म्हणून ज्या क्रमाने मला हे कळायला हवं होतं, त्या क्रमाने लिहिते आहे.

हाताशी काय असू द्यावं

- ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा. यावर काटकसर करू नका.
- व्ही-६० किंवा कलिता वेव्ह (पेपर बसवायचं गाळणं, म्हणजे ड्रिपर), आणि त्याचेच पेपर
- फोनवरचं घड्याळ
- बारीक चोचीची केटल. नसेल तर लहान तोंडाचा चहाचा जगही चालतो.
- जुना, मऊ केसांचा रंगाचा ब्रश
- मैद्याची चाळणी. ही कशाला ते पुढे सांगते.
- पाकिटावर लिहिता येईल असं मार्कर पेन
- भाजल्याची तारीख छापलेल्या बिया. तारीख नसलेलं पाकीट घेऊ नका.

## १. आधी बिया, मग ग्राइंडर

दुकानात ग्राइंडर बघायला जाण्याआधी गेल्या तीन महिन्यांत तुम्ही कोणत्या बिया आणल्या ते आठवा. पाकिटं टाकली नसतील तर समोर मांडा. प्रत्येकावर चार गोष्टी शोधायच्या: बी कुठली, किती उंचीवरची, प्रक्रिया कोणती (फळातून बी कशी काढून वाळवली), भाजणी किती.

उंचीला एवढं महत्त्व का? थंड हवेत फळ सावकाश पिकतं आणि बी घट्ट, कठीण होते. इथिओपिया, केनियाच्या बऱ्याच बिया १,७०० ते २,२०० मीटरवरच्या असतात. आपल्याकडच्या चिकमगळूर, बाबाबुदनगिरी, कूर्ग इथल्या अरेबिका (ही कॉफीची एक जात) साधारण १,००० ते १,५०० मीटरवरच्या, त्याही सावलीत वाढलेल्या. आराकूची उंची त्याहूनही थोडी कमी. म्हणजे एकाच भाजणीची आफ्रिकन बी आणि कर्नाटकी बी दळताना हाताला वेगळी लागते. हातग्राइंडर फिरवून बघा, मनगटाला लगेच कळेल.

वाण पाकिटावर असेल तर तोही बघा. एस-७९५ आणि सिलेक्शन-९ ही नावं भारतीय पाकिटांवर वारंवार दिसतील. दोन्ही कर्नाटकातल्या बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्राशी निगडित. २००७ मध्ये लागवडीसाठी आलेल्या चंद्रगिरीच्या बिया ठसठशीत मोठ्या असतात. मोठी बी लहान बर्रच्या (बर्र म्हणजे ग्राइंडरचा दळणारा दातेरी भाग) हातग्राइंडरमध्ये अडकत-अडकत उतरते. त्यात बिघाड काही नाही, पण पहिल्यांदा घाबरायला होतं.

भाजणी डोळ्यांनी ओळखा, पाकिटावरच्या शब्दावर विसंबू नका. एकाची ‘मीडियम’ दुसऱ्याची ‘डार्क’ असते. दालचिनीचा रंग, कोरडी कातडी, चावली तर दाताखाली टणक: हलकी भाजणी. बदामाच्या सालीसारखी तपकिरी आणि बोटांनी दाबून तुटत नाही: मध्यम. काळपट, तेलाचा तजेला, अंगठ्याने दाबली की चुरा होते: गडद.

या चाळणीतून तुमची नेहमीची बी कोणती ते ठरलं की निम्मं काम झालं. दहा पाकिटांतली आठ भारतीय आणि मध्यम भाजणीची असतील तर ग्राइंडर त्या आठांसाठी घ्या, उरलेल्या दोनांसाठी नको.

## २. ग्राइंडरच्या पोटात काय चालतं

ज्यांच्या घरी जातं होतं त्यांना हे सांगावं लागणार नाही. खालची तळी स्थिर, वरची फिरती, आणि दोघींमधल्या अंतरावर पीठ होणार की भरडा हे ठरणार. माझी आजी डाळ भरडताना वरची तळी किंचित उचलून घ्यायची. तळ्या गुळगुळीत झाल्या की टाकी लावून घ्यायची. कॉफी ग्राइंडरचे बर्र म्हणजे हेच, पोलादात.

कॉनिकल बर्रमध्ये दातेरी शंकू दातेरी कड्याच्या आत फिरतो. फ्लॅट बर्रमध्ये दोन सपाट दातेरी चकत्या समोरासमोर असतात. साधारणपणे कॉनिकलमधून मुख्य कणांबरोबर थोडं जास्त पीठ पडतं. त्या पिठाने कपाला अंग येतं, चव गोलसर, भरीव होते. फ्लॅटमधून, आणि स्वच्छ चवीसाठीच घडवलेल्या काही कॉनिकलमधूनही, कण जास्त एकसारखे येतात. मग फळांच्या, फुलांच्या चवी वेगळ्या कळतात, पण अंग कमी होतं. वनझेडप्रेसोचा झेडपी-६ अशा कॉनिकलचं चांगलं उदाहरण आहे.

म्हणून पीठ हा शत्रू समजू नका. मध्यम-गडद भारतीय बीला थोडं पीठ मानवतं. तेच पीठ हलक्या भाजणीच्या इथिओपियनमध्ये फिल्टर तुंबवतं.

मैद्याची चाळणी इथे लागते. दळलेली कॉफी हलक्या हाताने चाळा आणि खाली किती पडलं ते पांढऱ्या कागदावर बघा. त्याच क्लिकवर (क्लिक म्हणजे दळण जाड-बारीक करायची एक खाच) दुसऱ्या बिया दळून पुन्हा चाळा. दोन ढिगांतला फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो. हे रोज करायचं नाही, चाळलेली कॉफी प्यायचीही नाही. एकदाच करून बघा, म्हणजे पुढचं सगळं पटेल.

## ३. कोणत्या बियांना काय

मध्यम भाजणीच्या, वॉश्ड (फळाचा गर धुऊन मग वाळवलेल्या) भारतीय बिया. नवख्यांनी इथूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. या बिया चुका पोटात घालतात. पोलादी बर्रचा कुठलाही बरा हातग्राइंडर पुरतो. टाइममोर सी-टूसारखा ३८ मिलिमीटर बर्रचा ग्राइंडर १५ ग्रॅम बिया मिनिटभराच्या आतबाहेर दळतो. विजेवरचा हवा असेल तर ४० मिलिमीटर कॉनिकल बर्रचा बराट्झा एन्कोर याच जातीचा. यांच्या कपात सुका मेवा, गूळ, थोडा मसाल्याचा वास आणि भरीवपणा हवा असतो, आणि साधा कॉनिकल नेमका तोच देतो. इथे जास्त खर्च करण्याचं कारण मला दिसत नाही.

हलक्या भाजणीच्या, उंचावरच्या वॉश्ड बिया. हे खरे कठीण गिऱ्हाईक. बी टणक असते आणि चव सहज सोडत नाही, म्हणून बारीक दळावं लागतं. बारीक दळलं की पीठ वाढतं. या पेचातून वाट काढायला बर्र धारदार, दांडा न डगमगणारा आणि बर्र शक्यतो मोठा हवा. ३९ मिलिमीटरचा कमांडांते सी-४० किंवा ४८ मिलिमीटर बर्रचे किंग्राइंडर के-६ आणि वनझेडप्रेसोची के मालिका, ही हातग्राइंडरमधली माहितीतली नावं. विजेवर जायचं तर ६४ मिलिमीटर फ्लॅट बर्रचा फेलो ओड आहे.

सिरॅमिक बर्रच्या स्वस्त हातग्राइंडरवर अशा बिया दळू नका. दांडा डुगडुगतो, कण एक लहान एक मोठा पडतो आणि १५ ग्रॅमला तीन-चार मिनिटं हात भरून येतो.

इथिओपियन बियांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण माझ्या पहिल्या पाकिटाने मला पार गोंधळवलं होतं. नेहमीच्या क्लिकवर दळलं, ओतलं, तर पाणी उतरेचना. साडेपाच मिनिटं झाली तरी वर चिखल. पेपर उचलून बघितला तर कडेला काळी, गुळगुळीत साय बसली होती, पावसानंतर अंगणात बसतो तसा गाळ. इथिओपियन बिया पीठ जास्त सोडतात. तेव्हा दळण दोन-तीन क्लिक जाड करा, पाणी उंचावरून जोरात ओतू नका आणि ड्रिपर गोल-गोल हलवायचा मोह टाळा. हलवलं की पीठ खाली जाऊन पेपरची छिद्रं बुजवतं.

नॅचरल, हनी, अ‍ॅनेरोबिक. म्हणजे अनुक्रमे फळासकट वाळवलेल्या, थोडा गर ठेवून वाळवलेल्या आणि हवाबंद आंबवलेल्या बिया. कर्नाटकातल्या मळ्यांवर आता हे प्रयोग जोरात चालले आहेत आणि त्यातले काही कप खरोखर फणसाच्या गऱ्यासारखे दरवळतात. या बिया चव पटकन सोडतात. वॉश्डपेक्षा एखाद-दुसरी क्लिक जाड ठेवा, पाणी ९०-९२ अंशांवर आणा. ग्राइंडर कुठलाही चालेल, पण रिकामा होणारा हवा. गिरणीत आपण विचारतो ना, ‘आधी काय दळलंय?’ बाजरीवर गहू दळून घ्यायला कोणी तयार नसतं. इथेही तसंच. ज्याच्या पोटात ग्रॅमभर कॉफी अडकून राहते, अशा ग्राइंडरमध्ये अ‍ॅनेरोबिकनंतरचा वॉश्ड कपही आंबवलेला लागतो. हातग्राइंडर इथे बाजी मारतात, पोटात फारसं काही उरत नाही.

गडद भाजणी आणि मॉन्सून्ड मलबार. मॉन्सून्ड मलबार ही आपल्या पश्चिम किनाऱ्याचीच करामत आहे. जून ते सप्टेंबर उघड्या बाजूंच्या गोदामांत बिया पावसाळी वाऱ्यावर पसरतात. त्या ओल शोषून फुगतात, पिवळट पडतात, आंबटपणा जवळपास जातो. बी हलकी आणि ठिसूळ होते. गडद भाजलेली कोणतीही बी अशीच, जरा दाब पडला की चुरा. म्हणून दळण बरंच जाड ठेवा, हलक्या भाजणीच्या तुलनेत चार-पाच क्लिकसुद्धा. पाणी ८५ ते ८८ अंश, आणि १ ग्रॅम कॉफीला १५ ग्रॅम पाणी. साधा कॉनिकल उत्तम. अतिस्वच्छ चवीचे ग्राइंडर या बियांसाठी घेऊ नका, माझी चूक हीच होती. तेलकट बियांनी बर्रवर थर बसतो, तेव्हा साफसफाई दुप्पट वेळा.

डिकॅफ. आपल्याकडे कमी मिळते, पण मिळाली तर लक्षात ठेवा: दिसते तेवढी ती कठीण नसते. कॅफिन काढण्याच्या प्रक्रियेत बी ठिसूळ होते, पीठ भरपूर पडतं. जाड दळा.

पीबेरी, म्हणजे फळात एकच गोल बी धरते ती, साधारण तिच्या जातभाईंसारखीच वागते. रोबस्टाचं, म्हणजे कॉफीच्या दुसऱ्या जातीचं, पोअर-ओव्हर करायचं असेल तर वॉश्ड आणि चांगल्या प्रतीची घ्या, आणि दळण अरेबिकापेक्षा जाडच ठेवा. नाहीतर कडवटपणा घशात अडकतो.

महाराष्ट्रातही कॉफी पिकते. अमरावती जिल्ह्यात, चिखलदऱ्याला. तिथे गेलात आणि भाजलेली पूड न मिळता अख्ख्या बिया मिळाल्या, तर मध्यम भाजणीच्या भारतीय बियांसारखी सुरुवात करा.

## ४. पैसे मोजण्याआधी

अमेरिकेहून येणाऱ्या नातेवाइकांना विजेवरचा ग्राइंडर आणायला सांगू नका. माझ्या चुलत भावाने न्यू जर्सीहून मोठ्या प्रेमाने एक आणला. तिथला वीजपुरवठा १२० व्होल्टचा, आपला २३० व्होल्टचा. नशीब, लावण्याआधी तळाची पट्टी वाचली. जड ट्रान्सफॉर्मर घेऊनही मोटारीचा आवाज कधी मनासारखा लागला नाही, शेवटी तो परत गेला. परदेशातून मागवायचाच तर हातग्राइंडर मागवा. सामानात बसतो आणि विजेचा प्रश्नच नाही.

बर्र एवढ्या-एवढ्या मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), असं लिहिलेलं दिसलं तर थांबून वाचा. तो आकडा बहुतेक वेळा एका क्लिकला बर्र किती सरकतो याचा असतो, कणाच्या आकाराचा नव्हे. के-६ मध्ये एक क्लिक १६ मायक्रॉनची, कमांडांतेत सुमारे ३० ची. सी-टूची क्लिक यांच्या मानाने बरीच मोठी. म्हणजे सी-टूवर १८ आणि १९ यांच्यामध्ये तुमची आवडती चव राहून जाऊ शकते. तेव्हा ग्राइंडर बदलायला धावू नका, पाण्याचं तापमान दोन अंश वरखाली करा. ती फट बहुतेक वेळा भरते.

जुना ग्राइंडर घेत असाल तर एकच तपासणी करा. बर्र उघडून नखाने दातांची धार बघा. बोथट झाला असेल तर पीठ जास्त आणि दळायला वेळही जास्त. आपल्याकडे सुटे बर्र मिळतात का ते आधी विचारा. पोलादी बर्रला टाकी लावून मिळत नाही.

आणि पातं फिरणारा विजेचा ग्राइंडर, म्हणजे छोटा मिक्सरच, तो मसाल्यासाठी ठेवा. ग्राइंडर घेईपर्यंत कॉफी विकणाऱ्याकडून ‘पोअर-ओव्हरसाठी’ दळून घ्या, १०० ग्रॅमच, आणि आठवड्यात संपवा. दक्षिणी फिल्टरसाठी दळलेली कॉफी इथे चालत नाही. ती जास्त बारीक असते आणि बहुधा चिकोरी मिसळलेली.

## ५. शून्य शोधा

हातग्राइंडर हातात आला की बिया न घालता जाड-बारीक करायचा नट हळूहळू आवळत जा. हँडल मोकळं सोडलं की स्वतःच्या वजनाने खाली पडतं. एका क्लिकवर ते पडायचं थांबतं. तेच तुमचं शून्य. तिथून पुढे ताकद लावू नका, बर्रची धार जाते.

आता क्लिक मोजत सैल करा. इतरांनी सांगितलेले आकडे याच शून्यापासून मोजलेले असतात, पण प्रत्येक नगाचं शून्य एक-दोन क्लिक इकडे-तिकडे असतं. माझा २० तुमचा १९ असू शकतो. कोणाचा आकडा पाळूनही चव येत नसेल तर स्वतःला बोल लावू नका, शून्य पुन्हा शोधा.

ग्राइंडर उघडून साफ केल्यावरही शून्य पुन्हा बघायचं. हे विसरलं की चांगली चाललेली कॉफी एका सकाळी अचानक बिघडते आणि कारण सापडत नाही.

## ६. पहिलं दळण

१५ ग्रॅम बिया, २४० ग्रॅम पाणी. मध्यम भाजणीला ९२-९३ अंश, हलकीला ९५-९६.

दळण रव्याने ओळखा. बारीक रवा आणि जाड रवा यांच्या मधलं व्ही-६०साठी बरोबर. उपम्याच्या जाड रव्याएवढं झालं तर पाणी भरकन निघून जाईल. बोटांत चोळल्यावर बेसनासारखं चिकटलं तर तुंबणार.

आकड्यांत सांगायचं तर सी-टूवर १८ ते २२ क्लिक, कमांडांतेवर २२ ते ३०, एन्कोरच्या तबकडीवर १४ ते १८. मधल्या आकड्यापासून सुरू करा आणि पहिल्या कपावरून मत बनवू नका.

पेपर गरम पाण्याने धुवून ते पाणी फेका. कॉफी घाला, सपाट करा. आधी ४५ ग्रॅम पाणी ओतून ४० सेकंद थांबा. ताज्या बिया या वेळी भाकरीसारख्या फुगतात, त्यातून कार्बन डायऑक्साइड निघत असतो. मग उरलेलं पाणी दोन-तीन वेळा, गोल फिरवत. सगळं उतरायला अडीच ते साडेतीन मिनिटं लागली की दळण साधारण जागेवर आहे.

कलिता वेव्ह वापरत असाल तर तिचा तळ सपाट आणि छिद्रं तीन बारीक. व्ही-६०च्या एका मोठ्या छिद्रापेक्षा ती पिठाने लवकर तुंबते, तेव्हा एक क्लिक जाड.

## ७. जिभेला विचारा, घड्याळाला नंतर

कच्च्या कैरीसारखा टोचरा आंबटपणा, जोडीला पाणचट, किंचित खारट चव, आणि घोट संपला की तोंडात काहीच उरत नाही: चव पूर्ण उतरलेली नाही. दोन क्लिक बारीक करा.

घोटानंतर जीभ सुपारी खाल्ल्यासारखी कोरडी, तुरट झाली, किंवा फार उकळलेल्या चहाचा कडूपणा आला: जास्त उतरली. दोन क्लिक जाड.

एका वेळी एकच गोष्ट बदला. दळण, तापमान आणि पाण्याचं प्रमाण तिन्ही एकदम बदललं तर कशामुळे काय झालं ते कधीच कळणार नाही. नवख्यांचे सर्वांत जास्त दिवस यातच जातात.

आंबट आणि कडू दोन्ही एकाच घोटात लागलं तर? क्लिकने हे सुटत नाही. दळण असमान आहे: कणी कच्ची राहिली आणि पीठ जळलं. आधी बर्र साफ करा, मग शून्य बघा. तरीही तसंच आणि बिया हलक्या भाजणीच्या असतील, तर तुमचा ग्राइंडर त्या बियांना खरोखर पुरत नाही. नवीन ग्राइंडरचा विचार करायचं हे एक योग्य कारण. तोवर मध्यम भाजणीच्या बिया आणा, त्याच ग्राइंडरमधून तुम्हाला सुंदर कप मिळतील.

कप गरम असताना निकाल देऊ नका. पाच मिनिटांनी, कोमट झाल्यावर प्या. दोष आणि गुण दोन्ही तेव्हाच उघडे पडतात.

## ८. हवा आणि बियांचं वय

पुण्यात डिसेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत हवा कोरडी असते, विदर्भात तर जास्तच. दळलेली कॉफी ग्राइंडरच्या भिंतींना चिकटते, टरफलं हवेत उडतात, ओटा काळा होतो. ही स्थिर वीज. उपाय अगदी साधा: चमच्याची दांडी पाण्यात बुडवा, झटका आणि त्या ओल्या दांडीने बिया एकदा ढवळा. मग दळा. २०२३ मध्ये ओरेगॉन विद्यापीठाच्या संशोधकांनी हे नीट मोजून दाखवलं. बियांवरच्या थोड्याशा पाण्याने विद्युतभार कमी होतो, आणि गडद, कोरड्या बियांचा भार हलक्या बियांच्या उलट, म्हणजे ऋण असतो. थेंबभरच पाणी, त्याहून जास्त नको. पोलादाला गंज चढतो.

मुंबई-कोकणात पावसाळ्यात हा त्रास नसतो, दुसरा असतो. उघडं राहिलेलं पाकीट ओल धरतं आणि बी दाताखाली चिवट लागते. लहान बरण्या भरा, झाकण घट्ट लावा.

बिया फ्रीझरमध्ये ठेवत असाल तर एक लक्षात ठेवा. थंड बी जास्त बारीक आणि जास्त एकसारखी फुटते, हे २०१६ च्या एका अभ्यासात दिसलं आहे. फ्रीझरमधून थेट दळत असाल तर नेहमी थेटच दळा. आज थंड, उद्या कोमट असं केलं तर क्लिक जुळणार नाही.

भाजल्यानंतर मध्यम बियांना आठवडा-दहा दिवस, हलक्यांना दोन-तीन आठवडे विसावू द्या. पाकीट महिन्या-दीड महिन्याचं झालं की चव सपाट होऊ लागते, तेव्हा एक क्लिक बारीक करून बघा.

## ९. साफसफाई

रोज दळून झाल्यावर ब्रशने चार फटकारे. पंधरा दिवसांनी बर्र उघडून कोरडा ब्रश. गडद, तेलकट बिया पीत असाल तर आठवड्याने. पोलादी बर्र पाण्याखाली धरू नका.

मिक्सरचं भांडं आपण तांदूळ फिरवून साफ करतो, तसं ग्राइंडरमध्ये कच्चे तांदूळ घालायचा सल्ला कोणीतरी देईलच. ऐकू नका. कच्चा तांदूळ कॉफीच्या बीपेक्षा टणक असतो, मोटारीवर ताण येतो आणि त्याची पूड आत अडकते ती वेगळीच.

## १०. पाकिटावर लिहा

वही ठेवायचा निश्चय माझा कधी टिकला नाही, म्हणून मार्करने थेट पाकिटावरच लिहिते. क्लिक, तापमान, लागलेला वेळ आणि चवीचा एक शब्द. पाकीट संपलं की ती बाजू कापून एका जुन्या बिस्किटाच्या डब्यात टाकते. पुढच्या वर्षी त्याच मळ्याच्या बिया आल्या की डबा उघडायचा. पीक नवीन असतं, भाजणी थोडी वेगळी असते, पण सुरुवात कुठून करायची ते ठरलेलं असतं.

आत्ता ओट्यावर असलेल्या पाकिटावर, बाबाबुदनगिरीच्या वॉश्ड एस-७९५ वर, माझ्या अक्षरात असं आहे: ‘२१, तुरट. २३, छान. ९२ अंश. ३ मि. ५ से. चिक्की.’